डार्विनची चूक आणि तुमच्या फोनमधलं लोकेशन

मागच्या पावसाळ्यात दोन दिवसांत दोन ठिकाणं केली: साताऱ्याचं कास पठार आणि सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडचे डोंगर. फुलांचे ढीगभर फोटो काढले. घरी येऊन बघतो तर कॅमेऱ्याचं लोकेशन बंद! मित्रांकडून आलेल्या फोटोंच्या तर तारखाही गेलेल्या. कुठलं फूल कुठलं, काही कळेना. अशीच चूक चार्ल्स डार्विननेही केली होती.

डार्विनचा जन्म १८०९ चा, इंग्लंडमधला. वडिलांनी डॉक्टरकीला घातलं, ते जमलं नाही. मग पाद्री होण्यासाठी केंब्रिजला पाठवलं. पण २२ व्या वर्षी, डिसेंबर १८३१ मध्ये, गडी 'बीगल' जहाजावर चढला आणि जवळपास पाच वर्षं फिरला.

सप्टेंबर १८३५ मध्ये जहाज गॅलापागोसला पोचलं. पॅसिफिक महासागरातली ही बेटं ज्वालामुखीतून तयार झालेली. पाच आठवड्यांत डार्विन चार बेटांवर उतरला. फिंच नावाचे छोटे पक्षी त्याने गोळा केले, पण बहुतेकांवर बेटाचं नाव लिहिलंच नाही. इतक्या जवळच्या बेटांवर वेगळे पक्षी असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

१८३७ मध्ये लंडनच्या जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने सांगितलं की या सगळ्या वेगवेगळ्या प्रजाती आहेत. आता आली का पंचाईत! डार्विनने कॅप्टन फिट्झरॉय आणि इतर सोबत्यांच्या पक्ष्यांवरची लेबलं मागवून जमेल तेवढी जुळवाजुळव केली. नशीब, मॉकिंगबर्ड पक्ष्यांवर त्याने बेटांची नावं लिहिली होती. त्यातून दिसलं की बेट बदललं की पक्षीही बदलतो. एकाच पूर्वजाची पिल्लावळ वेगवेगळ्या बेटांवर अडकून हळूहळू बदलत गेली असणार, हा विचार पक्का होत गेला. २२ वर्षांनी, १८५९ मध्ये, त्याचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. १८८२ मध्ये तो वारला.

आपलं कासही ज्वालामुखीचंच! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर, वर जांभा दगड. मधल्या खोल दऱ्यांमुळे अशी पठारं म्हणजे जणू आकाशातली बेटंच. म्हणून वायतुऱ्यासारखी वनस्पती सह्याद्रीतल्या मोजक्याच पठारांवर सापडते.

तेव्हा फोटो काढण्याआधी लोकेशन चालू करा. फक्त दुर्मीळ फुलाचं नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. डार्विनला मागायला सोबत्यांची लेबलं तरी होती. माझे ते फोटो मात्र नुसते वॉलपेपर झालेत.