तुकोबांच्या घरची वांटणी

देहू गांवीं बोल्होबा नामें वाणी होते. महाजनकीचें वतन व सावकारी त्यांच्या घरीं होती. उतारवयांत त्यांनीं प्रपंच वडील पुत्र सावजी यांस देऊं केला. पण ते विरक्त. मग भार मधले तुकोबा यांजवर पडला. पुढें १६३० च्या सुमारास, आमच्या खानदेशासही ज्यानें गांजिलें त्या दुष्काळांत, दिवाळें निघालें. प्रथम पत्नी अन्नावांचून गेली.

नंतर तुकोबांनीं लोकांकडील येण्याचीं खतें बुडवावयास काढिलीं. धाकटे कान्होबा अडून बसले. त्यांस बायकामुलें पोसावयाचीं होतीं. तेव्हां अर्धीं खतें त्यांस देऊन तुकोबांनीं आपलींच तेवढीं इंद्रायणींत सोडिलीं, असें चरित्रकार सांगतात. भावाच्या वांट्यास त्यांनीं हात लाविला नाहीं, हें आम्हांस खतें बुडविण्याहून थोर वाटतें. कान्होबा वेगळे राहूं लागले.