डाक्टर डेनिस बर्किट

ज्या शस्त्रवैद्याची हकीकत आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों, त्यास एकच डोळा होता. डेनिस बर्किट ह्यांचा जन्म आयर्लंडांतील एनिस्किलन गांवीं सन 1911 त झाला. त्यांचे वडील इंजिनियर असून फावल्या वेळीं रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून कोणता पक्षी कोठवर फिरतो ह्याचे नकाशे काढीत. हा छंद पुत्राच्या अंगीं कसा उतरला तें पुढें दिसेलच. अकराव्या वर्षीं अपघातानें डेनिसचा उजवा डोळा गेला.

डब्लिनच्या कॉलेजांत ते इंजिनियर होण्यास गेले होते. परंतु तेथें एकत्र प्रार्थना करणाऱ्या विद्यार्थ्यांची संगत लागून त्यांचें मन पालटलें, व त्यांनीं वैद्यकी धरिली. आफ्रिकेंत सरकारी नोकरीसाठीं त्यांनीं अर्ज केला, तो एका डोळ्यापायीं परत आला. पुढें युद्धांत लष्करी डाक्टर म्हणून काम केल्यावर सन 1946 त त्यांची युगांडांत नेमणूक झाली.

सन 1957 त कंपाला येथील मुलागो इस्पितळांत डाक्टर ट्रोवेल ह्यांनीं त्यांस एक पांच वर्षांचा मुलगा दाखविला. त्याचे दोन्ही जबडे दोन्ही बाजूंनीं सुजले होते व दांत हलत होते. असा रोग बर्किट ह्यांनीं पूर्वीं पाहिला नव्हता. थोड्याच आठवड्यांनीं जिंजा येथील इस्पितळांत तसाच चेहरा पुन्हां दृष्टीस पडला. ह्या लेकराच्या पोटांतही गांठी होत्या. एकदां दिसलें तें नवल. दोनदां दिसलें त्याचा शोध केलाच पाहिजे, असें त्यांनीं मनाशीं धरिलें. जुने कागद चाळतां हें दुखणें त्या देशांतील मुलांत पुष्कळ आहे असें आढळलें. चाकूचा कांहीं उपाय चालत नसे. मुलें थोड्याच महिन्यांत दगावत.

मग त्यांनीं आफ्रिकेंतील इस्पितळांस चित्रांसह पत्रें धाडिलीं व उत्तरें नकाशावर मांडिलीं. सन 1961 त मिशन डाक्टर टेड विल्यम्स व क्लिफ नेल्सन ह्यांस घेऊन, एका जुन्या मोटारींत बसून, दहा आठवड्यांत सुमारें 10,000 मैल ते हिंडले. उंच थंड मुलखांत व कोरड्या भागांत हा रोग नव्हता. जेथें ऊन व पाऊस, तेथें होता. म्हणजे डांसांच्या मुलखांत! ह्यावरून डांस कांहीं विषाणू पसरवीत असावे असें त्यांस वाटलें. हा तर्क अर्धाच खरा ठरला.

त्यांचें लंडनमधील व्याख्यान ऐकून आंथनी एप्स्टाईन ह्यांनीं गांठींचे तुकडे विमानानें मागविले, आणि सन 1964 त त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस, बार व अचोंग ह्यांस, त्यांत विषाणू सांपडला. परंतु तो डांसांकडून येत नाहीं, तर लाळेंतून येतो, व जगांतील बहुतेक सर्व प्रौढ माणसांच्या अंगीं निमूटपणें राहतो. मग रोग त्या मुलांसच कां? येथें हिवतापाचें काम दिसतें. देहांत रोगाशीं लढणाऱ्या पेशी असतात. त्यांतील कांहीं ह्या विषाणूवर राखण करितात. लहानपणीं हिवताप पुनःपुन्हां आला कीं ती राखण ढिली पडते, व ज्या पेशींत विषाणू लपलेला असतो त्या भराभर वाढूं लागतात. ह्या गर्दींत एखाद्या पेशीची वाढ आवरणारी व्यवस्था बिघडते, आणि गांठ होते. एच.आय.व्ही.नें ज्यांची राखण मोडते त्या प्रौढांसही हा कर्करोग होतो, हें सन 1980 नंतर दिसून आलें.

बर्किट ह्यांनीं चाकू बाजूस ठेवून औषधें दिलीं, व कांहीं मुलें साफ बरीं झालीं. शस्त्रवैद्यानें आपलें शस्त्र खालीं ठेवणें सोपें नव्हे, असें आम्हांस वाटतें. आज वेळेवर औषध मिळालें तर पुष्कळ मुलें वांचतात. म्हणून जबडा सुजून दांत हलूं लागलेल्या मुलास दांतदुखी समजून घरीं ठेवूं नये.

सन 1966 त ते इंग्लंडास परतले, आणि कोंडा न काढलेलें धान्य खावें म्हणून लोकांस सांगत फिरूं लागले. आमच्या भाकरीस त्यांनीं नक्कीच नांव ठेविलें नसतें. ता. 23 मार्च 1993 रोजीं ग्लॉस्टर येथें त्यांचें देहावसान झालें. त्या रोगास आजही बर्किटचें नांव आहे.