शिकारपूरचे नेत्रवैद्य सर हेन्री हॉलंड

सिंधमधील शिकारपूर हे गाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तेथील पेढीवाल्यांच्या हुंड्या एके काळी मुंबईपासून मध्य आशियापर्यंत चालत. परंतु आम्हास त्या गावाविषयी लिहावयाचे आहे ते हुंड्यांसाठी नव्हे, तर तेथे दर हिवाळ्यात जमणाऱ्या आंधळ्यांसाठी व त्यांच्याकरिता झिजलेल्या एका मिशनरी वैद्यासाठी.

हेन्री हॉलंड यांचा जन्म १८७५ साली इंग्लंडातील डरहॅम येथे झाला. एडिंबरो येथे वैद्यकी शिकून ते १९०० साली चर्च मिशनरी सोसायटीतर्फे बलुचिस्थानातील क्वेट्टा येथे आले. त्या रखरखीत मुलखात मोतीबिंदूने आंधळे झालेले लोक पुष्कळ होते. त्यांस फिरते वैदू गाठीत. ते डोळ्यात सुई घालून गढूळ झालेले भिंग मागे ढकलीत. रोग्यास काही दिवस उजेड दिसे, वैदू पैसे घेऊन पुढच्या गावी जाई, आणि मागाहून पुष्कळदा डोळा पिकून कायमचा जाई. हॉलंड ते भिंग कापून बाहेर काढीत. शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची; पण पुढे कित्येक दिवस पट्टी बांधून रोग्याने न हलता उताणे पडून राहावयाचे. हे न साधले तर वैद्याचा हात कितीही कुशल असो, श्रम व्यर्थ. म्हणून प्रत्येक आंधळ्याबरोबर घरचे माणूस, खाट व अन्न लागे. गरिबाने हे कोठून आणावे?

१९०९ साली शिकारपूरचे शेठ हिरानंद नावाचे हिंदू गृहस्थ या कार्यास द्रव्यसाहाय्य करण्यास पुढे आले. तेव्हापासून दर हिवाळ्यात हॉलंड क्वेट्ट्याच्या थंडीतून खाली उतरून सुमारे सहा आठवडे शिकारपुरी राहत. पैसा हिंदूचा, रोगी बहुतेक मुसलमान, हात ख्रिस्ती. असा संयोग आम्ही फार थोड्या ठिकाणी ऐकला आहे.

रोगी इतके वाढले की काम एकट्याचे राहिले नाही. पुढे परदेशांतील नेत्रवैद्य आपण होऊन तेथे मदतीस येऊ लागले. आपल्या देशी वर्षभरात मिळू नये इतका अनुभव त्यांना त्या थोड्या आठवड्यांत मिळे. यात त्यांचाही लाभ होता, असे कोणी म्हणेल, असेना का! आम्हास खंत वाटते ती दुसरीच. पट्ट्या बदलणारे, रात्री कण्हणाऱ्याजवळ बसणारे जे कंपाउंडर व परिचारिका, त्यांची नावे अशा चरित्रांत क्वचितच येतात.

१९३५ च्या ३१ मेच्या पहाटे भूकंपाने क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. हजारो माणसे मेली, मिशनचे इस्पितळही कोसळले. हॉलंड स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांच्या मुलाने त्यांना उकरून काढले. वय साठ. या वयात मनुष्य मायदेशी परततो व त्यास कोणी दोष देत नाही. हॉलंड यांनी इस्पितळ पुन्हा उभारण्यास हात घातला. १९३६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

१९४७ च्या फाळणीत शिकारपूरचे बहुतेक हिंदू व्यापारी घरेदारे सोडून निघाले. सिंधमधून आलेले कित्येक निर्वासित आमच्या कल्याणजवळील छावणीत वसले, तेच आजचे उल्हासनगर. ज्यांच्या दानाने ते नेत्रकार्य चालले, ते लोक गेले. कार्य मात्र बंद पडले नाही. हॉलंड १९४८ साली निवृत्त झाले, तरी पुढेही शिकारपुरी येऊन शस्त्रक्रिया करीत. १९६० साली त्यांना व त्यांचे पुत्र डॉक्टर रोनाल्ड यांना मिळून मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. १९६५ साली, वयाची नव्वद वर्षे उलटल्यावर, सर हेन्री प्रभूमध्ये झोपी गेले.