ऑलिंपिकवीर फडेप्पा चौगुले

सीमाभागातील बेळगावने महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनास अनेक नररत्ने दिली. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्यांपैकीच एक होत. ऑलिंपिकच्या मॅरेथॉन शर्यतीत धावून ती पूर्ण करणारा पहिला भारतीय, हा मान त्यांचा आहे. तथापि आजच्या विद्यार्थ्यांस त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते. म्हणून हा अल्प परिचय.

इ. स. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने मैदानी सामने भरविले. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली बहुतेक मंडळी खेड्यापाड्यांतील शेतकरी होती. त्यांच्या पायांत जोडे नव्हते, शास्त्रशुद्ध शिक्षण तर दूरच. तरीही त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाणारी आढळली. ते पाहून दोराबजींच्या मनात आले की, हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला का जाऊ नये? त्यांनी गव्हर्नर लॉइड यांच्या साहाय्याने परवानगी मिळविली, स्वतःच्या पदरचा पैसाही घातला. १९२० साली पुण्यात निवड होऊन चार धावपटू व दोन मल्ल ठरले. धावपटूंत पूर्मा बॅनर्जी, सदाशिव दातार, कैकाडी आणि चौगुले होते. मल्लांत नवले व शिंदे.

आगबोटीने ही मंडळी विलायतेस गेली व तेथे सराव करून बेल्जममधील अँटवर्प शहरी पोहोचली. परका देश, परके अन्न आणि परकी हवा! चौगुले १०,००० मीटरच्या शर्यतीतही उतरले, परंतु तेथे अंतिम फेरी लाभली नाही. त्यांची खरी कसोटी २२ ऑगस्ट १९२० रोजी लागली. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब होती. आपल्या वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून सांगतो : येवल्याहून मनमाडला धावत जावे आणि लगेच उलट फिरून सुमारे निम्मी वाट परत यावे, एवढा हा पल्ला! १७ देशांचे ४८ स्पर्धक धावले. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत प्रथम आले. दातार यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. चौगुले मात्र थांबले नाहीत. २ तास ५० मिनिटांत अंतर कापून त्यांनी १९ वा क्रमांक मिळविला.

पदक मिळाले नाही, म्हणून या पराक्रमाचे मोल कमी होत नाही. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. तिचा पाया अँटवर्पला गेलेल्या या सहा जणांनी घातला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावल्या, ती याच वाटेवरची पुढची पावले होत.

चौगुल्यांची ज्ञाती कोणती, हे शोधण्याचे येथे प्रयोजन नाही. बोध घ्यावयाचा तो निराळाच. त्या शेतकऱ्यांचे पाय दोराबजींच्या दृष्टीस पडण्यापूर्वीही तेवढेच वेगवान होते. उणीव होती ती पाहणाऱ्याची. आपले मंडळ दरवर्षी परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार करते, ते योग्यच आहे. परंतु शाळेत शिकवीत असताना मी असे कित्येक विद्यार्थी पाहिले, जे गणितात मागे आणि मैदानावर सर्वांच्या पुढे असत. त्यांना आम्ही पुष्कळदा खाली बसविले, ही माझीही चूक होय. यापुढे मंडळाने एखादे पारितोषिक खेळाडूंसाठीही ठेवावे, अशी चालकांस नम्र विनंती आहे. फडेप्पा चौगुल्यांचे खरे स्मरण तेच ठरेल.