दंड फिटला, फौज गेली. पण खुर्ची आधीच गेली होती

अडॉल्फ थिएर १७९७ साली फ्रान्सच्या मार्सेय शहरात जन्मले. आधी पत्रकार, मग इतिहासकार, पुढे पुढारी झाले. १८७१ मध्ये जर्मनीकडून हरलेल्या देशाचा कारभार त्यांच्या हाती आला. दंड होता ५ अब्ज फ्रँक. तो फिटेपर्यंत जर्मन फौज पूर्व फ्रान्समध्ये तळ ठोकून राहणार, अन् तिचा खर्चही फ्रान्सच्याच माथी.

पॅरिसचा उठाव थिएर यांनी रक्त सांडून मोडला, तो डाग कायम राहिला. दंडासाठी मात्र त्यांनी दोनदा कर्जरोखे काढले. दुसऱ्या वेळी तर मागितल्याच्या कितीतरी पट पैसा लोकांनी देऊ केला. हप्ते जात गेले, तसतसे जिल्हे मोकळे होत गेले.

मे १८७३ मध्ये विरोधकांमुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला. सप्टेंबरात, मुदतीआधीच, शेवटचे जर्मन सैनिक परतले. १८७७ मध्ये थिएर वारले.