तास भरले, तरी…

विमान कंपनीत वैमानिक व्हायचं तर उड्डाणाचे तास गाठीशी लागतात. व्यावसायिक परवान्यालाच आज २०० तास हवेत. पण बाईचे तास धरतं कोण?

प्रेम माथूर यांनी अलाहाबादेत शिकून १९४७ मध्ये हा परवाना मिळवला. आठ कंपन्यांनी नकार दिला. बाई वैमानिक पाहून प्रवासी घाबरतील म्हणे! हैदराबाद-नागपूर-दिल्ली विमानं नेणाऱ्या डेक्कन एअरवेजने मात्र सहवैमानिक म्हणून घेतलं. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली. तास भरले, तरी मुख्य वैमानिकाची जागा काही मिळेना. त्यांनी नोकरीच सोडली. १९५३ मध्ये इंडियन एअरलाइन्सने घेतलं. १९९२ मध्ये त्या गेल्या.

उद्या यवतमाळची एखादी लेक वैमानिक व्हायचं म्हणाली, तर पहिला नकार घरातून नको, एवढं तरी आपल्या हाती आहे.