दुरून शिकवणारे सर

मित्रांनो, बाळशास्त्री जांभेकर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? 'दर्पण' आणि ६ जानेवारीचा पत्रकार दिन. जनरल नॉलेजमधला एक मार्क, संपलं! पण हा माणूस हाडाचा शिक्षक होता, आणि ज्यांना तो कधी भेटणार नव्हता अशांनाही शिकवत होता. आज आपण ज्याला डिस्टन्स लर्निंग म्हणतो, त्याची खरी अडचण त्यांना तेव्हाच कळली होती.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा, कोकणातल्या पोंभुर्ले गावचा. घरी संस्कृतचं वातावरण. शिकायला मुंबईत आले, इंग्रजी आणि गणित आत्मसात केलं. १८३४ साली, म्हणजे अवघ्या बावीसाव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर झाले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय! दादाभाई नौरोजी त्यांचेच विद्यार्थी.

पण कॉलेजच्या वर्गात मुलं बसून बसून किती बसणार? बाकीच्या महाराष्ट्राचं काय? ना रेल्वे, ना गावोगावी शाळा. मग त्यांनी छापखान्यालाच वर्ग बनवलं.

१८३२ साली सुरू झालेल्या 'दर्पण'चं पान बघा. एका कॉलममध्ये मराठी, शेजारी इंग्रजी. येणाऱ्या भाषेच्या आधाराने न येणारी भाषा शिका, सर जवळ नसले तरी चालेल. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलाला याचं जास्तच कौतुक वाटतं, कारण मी तोच प्रवास उलट दिशेने करतोय!

'दर्पण' १८४० मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. त्यात पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, गणित, इतिहास यांवरचे लेख असत, सोबत नकाशे असत. दर महिन्याला थोडं थोडं. योगायोग म्हणजे त्याच १८४० साली इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन पोस्टाने शॉर्टहँड शिकवू लागला होता. विद्यार्थी लिहून पाठवायचे, तो तपासून परत पाठवायचा.

आणि आपल्या ब्रँचवाल्यांसाठी खास गोष्ट. बाळशास्त्रींनी कॅल्क्युलसवर मराठीत पुस्तक लिहिलं, नाव 'शून्यलब्धि'. एम-वन, एम-टूला घाबरणाऱ्यांनी नुसती कल्पना करा, मराठीत शब्दच नसताना डेरिव्हेटिव्ह समजावून सांगायचं!

मात्र छापलेल्या कागदाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. वाचणारा कुठे अडला ते कळत नाही. म्हणून की काय, ते फक्त छापत बसले नाहीत. शाळा तपासायचं काम त्यांनी केलं आणि १८४५ साली शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलची जबाबदारीही घेतली. पुस्तक गावात पोचलं तरी ते उलगडून सांगणारा एक माणूस तिथे लागतोच. पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये, ते गेले. वय फक्त चौतीस.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही मांजरसुंब्याची पोरं हेच शिकलो. धुळे-सोलापूर हायवेवरचं गाव, बालाघाटाचा डोंगर, त्यात रेंज येतेय-जातेय. लेक्चरची लिंक सगळ्यांना मिळाली, पण घरात एकच मोबाईल आणि तीन भावंडं. व्हिडिओ संपला की शंका तशीच. ज्यांच्या गल्लीत समजावून सांगणारी एखादी ताई किंवा दादा होता, ती मुलं टिकली. बाकीच्यांची वह्या-पुस्तकं कपाटात गेली ती गेलीच.

आज आपल्याकडे एनपीटीईएल आहे, यूट्यूब आहे, नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. धडे भरपूर झाले, मित्रांनो! कमी आहे ती धड्याशेजारी बसणाऱ्या माणसाची. तेव्हा या सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. शेजारच्या दहावीतल्या पोराला नवीन लिंक पाठवू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, बाबा रे, नक्की कुठे अडलंय?